दुसऱ्याच्या चाकावर

गाडीत स्टेपनी असणं वेगळं आणि ती कामाची असणं वेगळं. सरकारी कागदाला हा फरक कळत नाही. आमच्या खात्याच्या रजिस्टरात माझ्या गाडीपुढे 'चाके पाच' अशी नोंद होती आणि ती खोटी नव्हती. पाचवं चाक डिक्कीत होतंच. फक्त दोन महिन्यांपासून ते पंक्चर होतं.

त्या गाडीवर मी रोजंदारीचा ड्रायव्हर होतो. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. सहा वर्षं मी खात्याच्या गाड्या चालवत होतो, आणि सहा वर्षं दर महिनाअखेरीला हेडक्लार्कच्या टेबलापुढे उभा राहून विचारत होतो, की पुढच्या महिन्यात येऊ की नको. पंक्चर काढायचं तर आधी अर्ज, मग अर्जावर सही, मग सहीवर शिक्का. मी दोनदा अर्ज दिला. तिसऱ्यांदा दिला नाही. गाडी काय माझ्या बापाची आहे, पर्मनंट झालो की बघू, असं म्हणून डिक्की आपटली आणि विसरून गेलो. रस्त्यावरच्या कोणत्याही टपरीवाल्याने ते काम अर्ध्या तासात करून दिलं असतं. पण माझा राग असा, की नाक कापून अपशकुन करायचा, आणि नाक नेहमी माझंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पर्मनंटची परीक्षा लागली. दुपारी चार वाजता, सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर. आधी डॉक्टर डोळे तपासणार, मग गाडी चालवून दाखवायची, मग टेबलामागचे साहेब दोन-चार प्रश्न विचारणार. वयाची अट होती, आणि पुढच्या महिन्यात मी त्या अटीच्या पलीकडे जाणार होतो. म्हणजे पहिली आणि शेवटची संधी. बायको रोज या विषयावर बोलायची, त्या आठवड्यात मात्र तिने एक शब्द काढला नाही. त्यावरून मी समजलो की तीही दिवस मोजून आहे.

आणि नेमकं त्याच सकाळी साहेबांना पारशिवनीला सोडायचं होतं. रोजंदारीच्या माणसाला परीक्षेची सुटी नसते. साहेब दोन दिवस तिथल्या विश्रामगृहात राहणार होते. त्यांचं जेवण झालं, कागद पाहून झाले, आणि दीडच्या सुमारास त्यांनी मला मोकळं केलं. 'चारपर्यंत आरामात पोचशील,' म्हणाले. साहेब लोकांचा आराम नेहमी दुसऱ्याच्या घड्याळात असतो.

आमडी फाट्यावर मोठ्या रस्त्याला लागलो, मैल-दीड मैल आलो असेन, आणि मागचं डावं चाक बसलं.

नवतपा, मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, संपला होता, पण उन्हाला ते कोणी सांगितलं नसावं. जॅक हातात धरवत नव्हता. डोक्याला बांधलेला दुपट्टा काढून मी तो जॅकच्या दांडीला गुंडाळला, चाक उतरवलं, आणि डिक्कीतली स्टेपनी काढून तिला अंगठ्याने दाबून पाहिलं. कशासाठी, कोणास ठाऊक. हवा आपोआप यायची असती तर दोन महिन्यांत आली असती.

मग मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ट्रक जात होते, पण ट्रकचं चाक माझ्या काय कामाचं? नागपूरकडे जाणारी एसटी गेली. तिला हात केला असता तर मी वेळेच्या आधी पोचलो असतो. पण सरकारी गाडी तीन चाकांवर रस्त्यात टाकून आलेल्या ड्रायव्हरला कोण पर्मनंट करणार होतं? मी हात खालीच ठेवला. एसटीची धूळ बसेपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो, आणि मला रडू येत होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने समोरून एक टॅक्सी आली, नागपूरहून पारशिवनीकडे जाणारी. मी हात केला नव्हता, ती आपली आपण थांबली. माझ्याच जातीची गाडी. जन्मभर ज्या जातीचा ताप झाला ती कधी कामाला आली नाही, गाडीची जात मात्र त्या दिवशी आली. आत तीन-चार सवाऱ्या होत्या. ड्रायव्हर पन्नाशीचा, खाकी शर्ट, कानावर अर्धी विडी.

"का झालं गा?" त्याने बसल्याजागीच विचारलं.

"पंक्चर."

"स्टेपनी नाई का?"

"हाये, पन ते बी पंचरच हाये."

तो खाली उतरला. रस्त्यात पडलेली माझी दोन्ही चाकं त्याने बघितली आणि मान हलवली. "मंग हे चाक नाई गा, हे तं वजन हाये. काहून वागवून राह्यले उगीच?"

दुसऱ्या वेळी मी त्याला उलटं बोललो असतो. मी फक्त सांगितलं, की चार वाजता नागपूरला परीक्षा आहे, पर्मनंटची, आणि यानंतर मला बसता येणार नाही. तो ऐकता ऐकताच आपल्या डिक्कीकडे गेला.

त्या काळात त्या रस्त्यावर ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. रस्त्यात कोणी अडकला आणि गाडी एका जातीची निघाली, तर आपली स्टेपनी काढून द्यायची. नाव विचारायचं नाही, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा नाही. अडकलेल्याने पुढच्या पंक्चरच्या टपरीवर थांबायचं, आपलं चाक दुरुस्त करून लावायचं, आणि मागून घेतलेलं चाक टपरीवर ठेवून पुढे जायचं. ज्याचं असेल तो परतताना उचलून घेतो. सगळा व्यवहार टपरीवाल्याच्या भरवशावर. मी या रीतीबद्दल ऐकून होतो, पण सरकारी गाडीवाल्याला त्यात कोणी धरत नसे. आम्ही कोणाला देत नव्हतो, म्हणून मागतही नव्हतो.

"कन्हानच्या पुलाअलीकडं टपरी हाये," तो चाक लोळवत आणताना म्हणाला. "तिथी तुमचं बनवून घ्या, अन् माहं ठेवून द्या. चार-सव्वाचारले वापस येतो मी. अन् एक आयका, तीसच्या वर नोका नेऊ. टायर टकला झाला हाये, आतून गेटर टाकला हाये. लय बोंबलत नेलं तं फुटन."

"मंग तुमाले लागली तं?"

"अर्ध्या दिवसात का होते? तोच रोड, तेच चाक."

नट मी आवळत होतो आणि तो उभ्याउभ्या विडी ओढत सांगत होता. त्याची मुलगी संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने नाशिकला चालली होती, नर्सचं शिकायला. पहिल्यांदाच घराबाहेर. तिला आई नव्हती. तिच्या आईने शिवलेली एक गोधडी पारशिवनीला त्याच्या बहिणीकडे पडून होती. मुलीने तीच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता. सवाऱ्या सोडायच्या, गोधडी घ्यायची, परतीच्या सवाऱ्या भरायच्या आणि ठेसनवर पोचायचं.

"म्हनलं, गाडीत मीच बसवून देईन तुले. मी आल्याबिगर बसू नोको," तो म्हणाला आणि हसला. "आता जुनी गोधडी अन् म्हातारा बाप, दोनी घेऊन कुठी जाते थे?"

मी आभार मानले की नाही ते आठवत नाही. घड्याळ बघितलं ते आठवतं. अडीच वाजले होते.

तीसच्या वेगाने गाडी चालवणं हे काम नाही, शिक्षा आहे. मागे साचलेले ट्रकवाले भोंगे वाजवून अंगावरून जात, जाताना खिडकीतून माझ्या घराण्याचा उद्धार करत. फाटलेल्या टायरला आतून जो रबराचा तुकडा लावतात तो गेटर. त्याचा फुगवटा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला रस्त्यावर आपटत होता. थप, थप, थप. पहिली पाच मिनिटं मी तो आवाज ऐकला, मग तो माझ्या डोक्यात जाऊन बसला. वेग थोडा वाढवला की आवाज घाई करायचा आणि मी घाबरून पाय उचलायचो. पाठ सीटला चिकटली होती. डोळ्यांत घाम जात होता, आणि तासाभरात याच डोळ्यांची परीक्षा होती. थकवा म्हणजे काय ते मला मिलच्या तिन्ही पाळ्या केलेल्या बापाने शिकवलं होतं, पण बसल्या जागी, हात-पाय न हलवता येणारा हा थकवा त्यालाही माहीत नसेल. सहा वर्षांचा थकवा त्या रस्त्यावर एकदम आला. मी बोलत होतो, एकटाच. स्टेपनीला म्हणत होतो, बाई, आजचा दिवस सांभाळ. मग आठवायचं, की ती माझी नाहीच.

कन्हानच्या टपरीवर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. टपरीपुढे दोन ट्रक उभे. टपरीवाला वयस्क माणूस, गंजीफ्रॉकवर, टायरमध्ये सब्बल घालून जोर लावत होता. मी सगळं सांगितलं. खाकी शर्ट, कानावर विडी, एवढं सांगताच चाक कोणाचं ते त्याने ओळखलं.

"पाऊन-एक घंटा लागन," तो म्हणाला.

"माझ्यापाशी नाही एक घंटा."

"मंग असं करा. तुमचे दोनी चाकं इथी टाकून जा. मी बनवून ठेवतो. थो आला तं तुमच्यातलंच एक त्याले लावून देईन. तुमी वापस येसान तवा त्याचं इथी ठेवा. का फरक पडते?"

इतकं सोपं होतं. आजही मी ते वाक्य मनात म्हणून बघतो, त्यात कुठे अडचण दिसत नाही.

पण मला दिसली. चाकं सरकारी होती. प्रत्येक टायरचा नंबर रजिस्टरात होता आणि त्या नंबरासमोर माझी सही होती. एक टायर इकडचा तिकडे झाला असता तर पर्मनंट सोडा, उद्याची रोजंदारीसुद्धा गेली असती. आणि हा माणूस कोण? तो टॅक्सीवाला कोण? त्याने माझं चाक नेलं आणि आणलंच नाही तर? ज्याने माझं नावही न विचारता आपलं चाक मला दिलं होतं, त्याच्याबद्दल मी हा विचार केला. उन्हात, घाईत, पण केला.

"सरकारी आहेत," मी म्हणालो. "सोडून जाता येणार नाहीत. त्यांना सांगा, मी साडेचारपर्यंत चाक घेऊन येतोच."

टपरीवाल्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "सांगतो," म्हणाला, आणि परत सब्बलला लागला.

साडेचार शक्य नव्हतं, हे मला बोलतानाच माहीत होतं. चारला परीक्षा सुरू होणार, तर साडेचारला मी कन्हानला कसा असेन? पण तोंडाने वेळ सांगितली की मनाला जरा बरं वाटतं. मी पूल ओलांडला. कामठीत रेल्वेचं फाटक नेमकं लागलेलं. कोळशाची मालगाडी, डबे संपता संपेनात. चारला पाच कमी असताना मैदानावर पोचलो. तोंडावर पाणी मारायलाही वेळ नव्हता.

डॉक्टरने अक्षरं वाचायला लावली, मी वाचली. गाडी उलटी घेऊन दोन खांबांमधून काढायला लावली, काढली. सहा वर्षांची सवय हातांना सांभाळून घेते. बारा-तेरा जण होतो, प्रत्येकाचं होईतो दुसऱ्याने झाडाखाली थांबायचं. माझी टेबलापुढची पाळी आली तेव्हा पाच वाजून गेले होते.

मधल्या साहेबांनी विचारलं, "रस्त्यात टायर पंक्चर झाला आणि स्टेपनी नसेल, तर काय कराल?"

मी म्हणालो, "दुसऱ्या गाडीवाल्याची मागून घेईन, साहेब."

टेबलामागचे तिघेही हसले. चांगलं हसले, मायेने. "आणि परत कधी द्याल?"

"त्याच दिवशी, साहेब."

"बरोबर," साहेब म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर आलो तर हेडक्लार्क, ज्याच्यापुढे मी सहा वर्षं उभा राहिलो तो, हळूच म्हणाला, "झालं तुझं. पेढे आण."

मी घरी गेलो नाही. बायको दारात उभी असेल हे माहीत होतं, तरी गेलो नाही. सरळ कन्हानचा रस्ता धरला, पुन्हा तीसने, पुन्हा तो थप थप ऐकत. आनंद व्हायला पाहिजे होता. मी वाट बघत होतो, आत्ता होईल, पुढच्या वळणावर होईल. चौकात भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजलेले दिसले आणि मी तिकडून नजर काढून घेतली. मनाशी म्हणालो, त्याला कशाला लागली असेल स्टेपनी? अर्ध्या दिवसात काय होतं? तो केव्हाच पुढे निघून गेला असेल, ठेसनवर मुलीला खिडकीत बसवत असेल.

टपरीपुढे ट्रक नव्हते. बाकावर तो बसलेला होता. मांडीवर गोधडी, नीट घडी केलेली, सुतळीने बांधलेली. पायाशी फुटलेला टायर, बाजूने हातभर फाटलेला. तो काही पंक्चर काढून चालणारा नव्हता.

मी गाडी उभी केली, पण उतरायला मला वेळ लागला. टपरीवाला पुढे आला आणि न विचारता सांगू लागला. टेकाडी गावाच्या पलीकडे टायर फुटला. गाडीत डोळे दाखवायला चाललेले म्हातारा-म्हातारी, त्यांना लिंबाखाली बसवून हा ट्रकमध्ये चढून साडेचारला इथे आला, चाक घ्यायला. चाक नव्हतं. या जातीचं दुसरं चाक टपरीवर नव्हतं. मग वाट बघत बसला.

"मी म्हनलं, एसटीनं निंघून जा," टपरीवाला म्हणाला. "तं म्हने, म्हातारे लोकं रस्त्यावर हायेत, आंधळ्यावानी हायेत, त्याइले कसं टाकू. अन् म्हने, थो येईन. साडेचार म्हनला हाये नं, येईन." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साडेपाच वाजले तवा उठून उभा राह्यला होता. नागपूरकडं तोंड करून. गाडी सुटली असन तवा बसला."

मी माझी चाकं दुरुस्तीला दिली. यावेळी दोन्ही. त्याचं चाक काढून त्याला त्याच्या गाडीपर्यंत सोडायचं, तर आधी माझं तयार व्हायला पाहिजे होतं, म्हणून आणखी अर्धा-पाऊण तास त्याला बसावं लागणार होतं. मी त्याच्या शेजारी बसलो. काय बोलावं? माफी हा शब्द त्या वेळी मला फार सरकारी वाटला. मी म्हणालो, "भाऊ, चुकलं माझं. मी चाकं इथे ठेवून गेलो असतो तर तुमची गाडी चुकली नसती."

तो गोधडीच्या कडेचा एक सुटलेला दोरा बोटाने आत ढकलत होता. दोरा आत गेला की पुन्हा बाहेर यायचा.

"थे बसली असन का?" त्याने विचारलं. मला विचारलं की स्वतःला, ते कळलं नाही. "मीच म्हनलं होतं, मी आल्याबिगर बसू नोको."

हे मला दुपारी रस्त्यावरच त्याने सांगितलं होतं. मी ते तेव्हा ऐकलं होतं आणि घड्याळ बघितलं होतं. ती गाडीत बसून बापाशिवाय गेली असेल, की बापाचा शब्द धरून ट्रंकेवर बसून राहिली असेल आणि गाडी निघून गेली असेल, या दोन्हींतलं कोणतं बरं ते मला ठरवता येईना. त्यालाही येत नव्हतं. टपरीवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिला.

माझं चाक तयार झालं. मी ते लावलं, त्याचं काढलं. हात काळे झाले होते, तोंडावरून फिरवले तर तोंडही काळं झालं असेल. त्याने आपल्या चाकावरून तळवा फिरवला, गेटरच्या फुगवट्यावर दाबून बघितलं. मी तीसच्या वर नेलं नव्हतं, एवढं एकच काम मी त्याच्या सांगण्याप्रमाणे केलं होतं.

मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं. तो माझ्यासारखाच थकला होता.

"झालं का तुमचं काम?" त्याने विचारलं.

मला नाही म्हणावंसं वाटलं. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की नापास झालो असतो तर बरं झालं असतं.

"झालं," मी म्हणालो.

"चाला," तो उठत म्हणाला, "एकाचं तं झालं."

त्याने गोधडी काखेत घेतली आणि चाक उचलायला वाकला. मी पुढे होऊन हात लावला, तर त्याने हलकेच माझा हात बाजूला केला. मग दोन्ही चाकं माझ्या डिक्कीत गेली, एक माझं दुरुस्त झालेलं, एक त्याचं, आणि त्याच्या म्हाताऱ्या सवाऱ्या जिथे बसल्या होत्या तिथपर्यंत मी त्याला नेऊन सोडलं. वाटेत गोधडी त्याच्या मांडीवर होती.